वंशावळीचा कागद आणि स्नायूंमधला वारसा

लॅब्राडॉरचे पिल्लू विकत घेणारे कुटुंब विक्रेत्याला बहुधा तीनच प्रश्न विचारते. रंग कोणता, नर की मादी, आणि ‘पेपर’ आहेत का? रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळामुळे मराठी बोलणे सहज कानावर पडते. तिथल्या घरांतले प्रश्न नागपूरच्या धरमपेठेतल्या किंवा पुण्याच्या कोथरूडमधल्या घरांपेक्षा वेगळे नसतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की पिल्लाची किंमत वाढते आणि घेणाऱ्याचा विश्वासही वाढतो. पेपर म्हणजे वंशावळीचे प्रमाणपत्र. त्यात आईबाप, आजेआजी, पणजेपणजी अशी नावांची उतरंड असते, आणि त्यातला एखादा पूर्वज प्रदर्शनात पदक मिळवलेला असला तर त्याच्या नावामागे बिरुद लागलेले असते. पिल्लाचे रक्त ‘शुद्ध’ आहे, एवढे त्या कागदावरून कळते. ते रक्त निरोगी आहे की नाही, याविषयी तो कागद काहीच सांगत नाही. तरीही घेणारा पहिल्या गोष्टीवरून दुसरी गृहीत धरतो, आणि विकणारा ती गृहीत धरू देतो.

आईबापांची जनुकीय तपासणी झाली आहे का, हा चौथा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. तो न विचारण्याची किंमत कोण मोजते, हे समजण्यासाठी एका आजाराची ओळख करून घेतली पाहिजे.

इंग्रजीत या आजाराला ‘सेंट्रोन्यूक्लिअर मायोपथी’ म्हणतात. मराठीत त्याला मध्यकेंद्रकी स्नायुविकार म्हणता येईल. निरोगी स्नायुतंतूत केंद्रके कडेला, आवरणालगत असतात. या विकारात अनेक तंतूंची केंद्रके मध्यभागी सरकलेली दिसतात, म्हणून हे नाव. लॅब्राडॉरमधील या स्नायुविकाराचे पहिले वर्णन १९७६ साली वैद्यकीय साहित्यात आले. पिल्लू जन्मते तेव्हा ते भावंडांपेक्षा फारसे वेगळे दिसत नाही. पहिल्या महिन्याच्या सुमारास गुडघ्याखालच्या शिरेवर हलकेच टिचकी मारली, तर पाय उडायला हवा तसा उडत नाही. मात्र ही टिचकी मारून पाहण्याची वेळ विक्रीआधी फारच थोड्या पिल्लांवर येते. दोन ते पाच महिन्यांच्या दरम्यान चाल बिघडू लागते. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलले जातात, मान खाली झुकते, थोडे धावले की पिल्लू बसून राहते. वजन वाढत नाही. काहींची अन्ननलिका सैल पडते आणि खाल्लेले अन्न परत बाहेर येते. थंडीत हे सारे अधिक जाणवते. रायपूरमध्ये डिसेंबरच्या पहाटे फिरायला नेलेले असे पिल्लू वीस पावलांवर थांबले, तर मालकाला ते आळशी वाटते.

मग उपचार सुरू होतात. पहिला संशय मुडदुसाचा, म्हणून कॅल्शियमचे सिरप. नंतर गोचिडतापाच्या शंकेने प्रतिजैविके, डिस्टेंपरच्या भीतीने रक्ततपासण्या, मग जीवनसत्त्वांची इंजेक्शने. यांतला एकही संशय अतार्किक नाही. भारतात गोचिडताप आणि डिस्टेंपर खरोखरच पुष्कळ आढळतात आणि पशुवैद्य आधी तेच पाहणार. अडचण अशी की स्नायूंची हानी दाखवणारे क्रिएटिन कायनेज हे रक्तातील विकर या आजारात पुष्कळदा जवळजवळ सामान्य पातळीवर असते. त्यामुळे साध्या रक्तचाचणीत काही हाती लागत नाही. स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा जनुकीय चाचणी करणे, हेच खात्रीचे मार्ग आहेत. बहुतेक घरांत तोवर निष्कर्ष निघालेला असतो की पिल्लाच्या खाण्यात काही चुकले. दूध जास्त झाले, अंडे कमी पडले, फरशी गुळगुळीत होती. जो दोष गर्भधारणेच्या क्षणीच ठरला होता, त्याचा ठपका घरातल्या माणसांवर येतो.

आजाराला औषध नाही. तो वेदनादायक नसतो आणि वर्षभरात बहुधा एका पातळीवर स्थिरावतो. घरच्यांनी सांभाळले तर असे कुत्रे अनेक वर्षे जगू शकते, फक्त त्याला लॅब्राडॉरसारखे धावता येत नाही. पण सांभाळणारे घर मिळेलच असे नाही. ‘बिघडलेले’ पिल्लू परत करून दुसरे मागणारे ग्राहक असतात. परत आलेल्या पिल्लाचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही.

२००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी या आजाराचे मूळ शोधून काढले. कुत्र्याच्या दुसऱ्या गुणसूत्रावर पीटीपीएलए नावाचे जनुक आहे. आता त्याला एचएसीडी१ म्हणतात. लांब साखळीची मेदाम्ले तयार करणाऱ्या साखळीतील एक विकर या जनुकावरून बनते, आणि स्नायुपेशींच्या पटलांना त्या मेदाम्लांची गरज असते. आजारी कुत्र्यांमध्ये या जनुकात दोनशेहून अधिक अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आढळला. असे तुकडे कुत्र्याच्या जनुकसंचात लाखोंनी विखुरलेले आहेत. ते स्वतःच्या नकला काढून इकडेतिकडे चिकटतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी जागी पडतात. हा तुकडा वाईट जागी पडला. त्यामुळे जनुकाचा संदेश जुळवताना पेशीचा गोंधळ उडतो आणि कामाचे विकर पुरेसे तयार होत नाही.

यापुढचा भाग जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. पण बाजारात त्याचा अर्थ काय होतो, याकडे क्वचितच लक्ष जाते. हा दोष अप्रभावी आहे. एक प्रत सदोष आणि एक चांगली असेल, तर कुत्रा पूर्ण निरोगी असतो. तो धावतो, पोहतो, पदके मिळवतो. असा कुत्रा वाहक. दोन वाहकांची जोड लावली, तर प्रत्येक पिल्लू आजारी असण्याची शक्यता चारात एक. आठ पिल्लांच्या वेतात सरासरी दोन आजारी निघावीत. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. आठपैकी एकही पिल्लू आजारी न निघण्याची शक्यता तीन चतुर्थांशचा आठवा घात, म्हणजे जवळजवळ दहा टक्के असते. दोन्ही आईबाप वाहक असूनही दहापैकी एका वेतात सगळे काही ठीक दिसते, आणि ब्रीडर निर्धास्त होतो.

याहून फसवे गणित लोकप्रिय नराचे आहे. पदक मिळवलेला, देखणा, वाहक नर चाळीस वेगवेगळ्या माद्यांना लावला, आणि त्या माद्या योगायोगाने निर्दोष निघाल्या, असे समजू. एकही आजारी पिल्लू जन्मणार नाही. एकही तक्रार येणार नाही. ब्रीडर अभिमानाने सांगेल की या नराची शेकडो पिल्ले पाहिली, एकातही दोष नाही. त्याचे म्हणणे शब्दशः खरे असेल, आणि त्या शेकडो पिल्लांपैकी निम्मी वाहक असतील. दोन-तीन पिढ्यांनी त्याच शहरात, त्याच नराच्या नाती आणि नातू एकमेकांना लावले जातात, तेव्हा दोन सदोष प्रती एकाच पिल्लात भेटतात. तोवर आजोबा कधीच निवर्तलेला असतो. अनुभवी डोळ्याला दिसत नाही असा हा दोष आहे, त्यामुळे ‘वीस वर्षे या धंद्यात आहे’ हे वाक्य या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

हा फसवा मार्ग कल्पनेतला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने अनेक देशांतील हजारो लॅब्राडॉर तपासले. लॅब्राडॉरमधील हे उत्परिवर्तन एकाच, फार जुन्या नसलेल्या पूर्वजापासून आले आणि अल्पावधीत जगभर पसरले, असे त्यात आढळले. महासागर ओलांडून ते आले कसे? उत्तम वंशावळीच्या नरांची निर्यात होते, गोठवलेले वीर्यही पाठवले जाते. दोष ज्या वाटेने पसरला ती वाट प्रतिष्ठेची होती, आणि तिच्यावरच्या प्रत्येक टप्प्यावर अस्सल कागद होते. ‘खाण तशी माती’ असे आपल्याकडे म्हणतात. इथे पंचाईत अशी की खाणीत काय आहे ते वरून पाहून कळत नाही.

लॅब्राडॉरच्या बाबतीत आणखी एक वारसा छत्तीसगडच्या हवामानात अधिक महत्त्वाचा ठरतो. श्रमानंतर कोसळण्याचा हा विकार. त्याचे जनुक डीएनएम१, आणि ते २००८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने सापडले. काटेकोर बोलायचे तर दोष स्नायूचा नसून मज्जातंतूच्या टोकाचा आहे. मज्जातंतू स्नायूला वा दुसऱ्या पेशीला संदेश देतो तेव्हा रसायनाच्या बारीक पिशव्या रित्या होतात. त्या परत आत ओढून पुन्हा वापरायोग्य करण्याचे काम डायनॅमिन हे प्रथिन करते. सदोष डायनॅमिन सावकाश चालण्यापुरते पुरते. पण दहा-पंधरा मिनिटे चेंडूमागे जोरात धावले की ते कमी पडते. मागचे पाय लटके पडतात, कुत्रा कोसळतो, आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उठून उभा राहतो. काही उठत नाहीत. या विकाराच्या वाहकांचे प्रमाण लॅब्राडॉरमध्ये बरेच मोठे आहे. तपासलेल्या काही गटांत ते जवळपास एक तृतीयांश होते.

रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत मैदानावर कोसळलेल्या लॅब्राडॉरला सगळे उष्माघातच म्हणणार. अंगाचा ताप मोजला तरी उलगडा होत नाही, कारण तेवढेच धावलेल्या निरोगी लॅब्राडॉरच्या शरीराचे तापमानही ४१ अंशांच्या वर जाऊ शकते. अर्थात उष्माघाताचा प्रथमोपचार कोणत्याही परिस्थितीत आधीच केला पाहिजे. प्रश्न त्यानंतरचा आहे. तोच कुत्रा नोव्हेंबरातही चेंडूमागे धावून पडला, तर त्याला उन्हाचे कारण देता येणार नाही. विकार माहीत असेल तर उपाय मात्र अगदी सोपा आहे. अशा कुत्र्याला उत्तेजित करून दमवायचे नाही, शांतपणे फिरवायचे. बहुतेक कुत्री त्या नियमात सुखाने जगतात. एका चाचणीवर कुत्र्याचे आयुष्य अवलंबून असू शकते, ते या अर्थाने.

विज्ञानाच्या वाचकांना या विषयाची ओळख असते ती बहुधा दुसऱ्या बाजूने, म्हणजे माणसाच्या बाजूने. ड्यूशेन स्नायुक्षय हा मुलग्यांना होणारा जीवघेणा आजार. जगात साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. चालता-खेळता मुलगा दहा-बारा वर्षांचा होईतो चाकाच्या खुर्चीवर येतो, आणि पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायू थकतात. त्यामागचे डिस्ट्रॉफिन जनुक १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सापडले. १९८८ साली कळले की गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांतील स्नायुक्षयामागेही तेच जनुक आहे. १९९२ साली नेमका दोषही कळला. सहाव्या इंट्रॉनच्या टोकाला एक अक्षर बदललेले, त्यामुळे सातवा एक्सॉन गळतो, पुढचा सगळा संदेश सरकतो आणि डिस्ट्रॉफिन बनतच नाही. याच दोषाच्या उंदरांचे फारसे बिघडत नाही. कुत्र्याचे मात्र मुलासारखेच बिघडते. म्हणून औषधे माणसापर्यंत येण्याआधी कुत्र्यावर पारखली जाऊ लागली, आणि रस्टी नावाच्या एका गोल्डन रिट्रीव्हरच्या वंशातून प्रयोगशाळांत आजारी कुत्र्यांच्या पिढ्या वाढवल्या गेल्या.

या संशोधनातून मिळालेले ज्ञान मोठे आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठात रिंगो नावाचा असाच एक कुत्रा होता. डिस्ट्रॉफिनचा थेंबही नसताना तो धावत-खेळत राहिला आणि अकरा वर्षे जगला. २०१५ साली त्याच्या जनुकांत जॅग्ड१ हे दुसरे जनुक अधिक सक्रिय असल्याचे आढळले, आणि आजाराला वळसा घालणारी वाट असू शकते हे कळले. २०१८ साली टेक्सास आणि लंडनच्या संशोधकांनी चार कुत्र्यांवर क्रिस्पर तंत्राने जनुकदुरुस्ती केली. सर्वाधिक मात्रा दिलेल्या कुत्र्याच्या हृदयस्नायूत डिस्ट्रॉफिन सामान्य पातळीच्या ९२ टक्क्यांपर्यंत परतले. त्या कुत्र्यांतला दोष मुळात ब्रिटनमधील घरगुती कॅव्हेलिअर स्पॅनिअल कुत्र्यांत सापडलेला होता. कॅनडातल्या एका घरातील निब्स नावाच्या लॅब्राडॉर मादीकडून मायोट्युब्युलर मायोपथी या आणखी एका स्नायुविकाराचा धागा मिळाला. तिच्या वंशातील पिल्ले २०१४ साली जनुकोपचाराच्या एका इंजेक्शनने चालू लागली. ही बातमी जगभर गाजली. त्यानंतर माणसांवरील चाचणीत चार मुलांचा मृत्यू झाला. त्या मुलांच्या यकृताने दिलेला धोक्याचा इशारा कुत्र्यांच्या देहाने दिला नव्हता. कुत्र्याचे प्रतिमान मौल्यवान आहे, पण ते भाकीत नाही, हे त्या बातम्या वाटणाऱ्यांनी पुढच्या बातमीसह वाटायला हवे होते.

अशा कुत्र्यांची पैदास योग्य की अयोग्य, हा वाद अमेरिकेत व युरोपात तीव्र आहे. आजारी मुलाचे आईबाप आणि प्राणिमित्र, दोघांच्या म्हणण्यात वजन आहे. पण या वादात एक विसंगती नजरेआड राहते. प्रयोगशाळेत आजारी पिल्लू जन्मते तेव्हा आचारसमिती असते, नोंदवही असते, डॉक्टर असतो, आणि त्या दुःखातून कोणाला तरी काही कळावे हा उद्देश असतो. बाजारात तशाच प्रकारचे आजारी पिल्लू जन्मते तेव्हा यांतले काहीही नसते. त्या दुःखाचा कोणालाही उपयोग नसतो आणि ते संपूर्णपणे टाळता आले असते. पहिल्यावर आंदोलने होतात. दुसऱ्याची बातमीही होत नाही.

‘संपूर्णपणे टाळता आले असते’ हे शब्द जपून वापरलेले आहेत. माणसाच्या बाबतीत वाहक जोडप्यापुढे प्रेमाचे, धर्माचे, हक्काचे, कायद्याचे प्रश्न उभे राहतात. कुत्र्यांच्या जोड्या माणूस लावतो, आणि दोन वाहक एकत्र येणार नाहीत एवढे पाहिले की मध्यकेंद्रकी विकाराचे एकही पिल्लू जन्मत नाही. त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. चाचणी आयुष्यात एकदाच लागते. ती प्रत्येक पिल्लाची करायची नसते, पैदाशीच्या नर-मादीची करायची असते. दोघेही निर्दोष असतील तर पिल्लांना या दोषासाठी चाचणीची गरजच उरत नाही. एका मादीच्या चाचणीचा खर्च तिच्या सर्व वेतांवर वाटला, तर प्रत्येक पिल्लामागे तो गळ्यातल्या पट्ट्याच्या किमतीहून फार मोठा राहणार नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम आले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, मादीवर वेतांमागून वेते लादू नयेत, अशा तरतुदी त्यांत आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. त्यांचा सारा भर जागा, स्वच्छता, वय आणि पशुवैद्याने दिलेला तंदुरुस्तीचा दाखला यांवर आहे. पशुवैद्य प्रामाणिकपणे तपासेल आणि वाहक कुत्र्याला तंदुरुस्त म्हणेल, कारण तो तंदुरुस्तच असतो. म्हणून या नियमांत एका ओळीची भर घालावी असा आग्रह धरणे रास्त आहे. ज्या जातीतील ज्ञात अप्रभावी दोषासाठी चाचणी उपलब्ध आहे, तिच्या पैदाशीच्या नर-मादीचा अहवाल विक्रीच्या वेळी ग्राहकाला दाखवावा. बंदी नको, तुरुंगही नको. वंशावळीच्या कागदाला हा दुसरा कागद जोडला की ग्राहक आपोआप चौथा प्रश्न विचारू लागेल.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत ‘माणसांना चाचण्या मिळत नाहीत आणि कुत्र्यांच्या कसल्या करता’ हा सर्वांत लोकप्रिय. तो ऐकायला भारदस्त आहे, पण या चाचणीचा पैसा सरकारी रुग्णालयातून जात नाही, तो हौसेने कुत्रा विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या खिशातून जातो. त्यामुळे तो इथे लागू पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो जाणकारांकडून येतो. चाचणी आली की घाबरलेले ब्रीडर सगळेच वाहक पैदाशीतून काढून टाकतील. आधीच आकुंचलेल्या जातीत त्यामुळे वैविध्य आणखी घटेल आणि आज माहीत नसलेला एखादा दोष उद्या वर येईल. हे घडू शकते. म्हणूनच ‘वाहक’ हा शब्द ‘आजारी’ या अर्थाने वापरणे थांबले पाहिजे. वाहक मादी स्वभावाने चांगली आणि इतर सर्व बाबतींत निरोगी असेल, तर तिला निर्दोष नराशी खुशाल लावावे. पिल्लांपैकी निम्मी वाहक असतील, आजारी एकही नसेल, आणि तिचे बाकीचे हजारो चांगले गुण वाया जाणार नाहीत. चाचणीचा उपयोग जोड जुळवण्यासाठी आहे. शुद्धीकरणासाठी ती वापरली तर जुना रोग नव्या नावाने परत येईल.

शुद्धतेचा मोह फक्त विलायती कुत्र्यांपुरता राहिलेला नाही, आणि मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे ते इथे. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या शिकारी कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याचाच भाईबंद कारवान म्हणून ओळखला जातो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचे कौतुक केल्यावर मुधोळला मागणी आली. राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून त्याची नोंदही झाली. हे सारे आनंदाचेच आहे. पण मागणी वाढली की ‘अस्सल मुधोळ’ची व्याख्या आखडत जाते, दोन-चार देखण्या नरांकडे सगळ्या माद्या जाऊ लागतात, आणि लॅब्राडॉरची गोष्ट पहिल्या पानापासून सुरू होते.

मुधोळ वेगासाठी पारखला जातो, म्हणून व्हिपेट या विलायती धावक जातीचा दाखला इथे चपखल बसतो. व्हिपेटमध्ये अधूनमधून पैलवानासारखे फुगलेल्या स्नायूंचे पिल्लू जन्मते. २००७ साली कळले की स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातील दोन अक्षरे गळाल्याने हे घडते. दोन्ही प्रती सदोष असतील तर कुत्रा पैलवान होतो. एकच सदोष असेल तर तो शर्यतीत इतरांहून अधिक वेगवान ठरतो. शर्यत जिंकणारे कुत्रे निवडता निवडता माणसांनी नकळत वाहकच निवडले होते. ज्या गुणाला पदक दिले, त्याच्याच पोटात दोष दडलेला होता. कारवान-मुधोळच्या मैदानी परीक्षा घेणाऱ्यांनी हा अभ्यास भिंतीवर लावून ठेवावा.

आणि चौबे कॉलोनीच्या चौकात बसलेला, कोणाच्याच वंशावळीत नाव नसलेला गावठी कुत्रा? त्याच्याही जनुकांत सदोष प्रती आहेतच. निसर्गात सर्वस्वी निर्दोष कोणीच नसतो. त्याच्या रस्त्यावरचे आयुष्य हेवा करण्याजोगे नाही, आणि दुबळे पिल्लू तिथे कोणाच्या नजरेत येण्याआधीच मरते, हेही विसरून चालणार नाही. पण त्याचे आईबाप कोणा पदकविजेत्याचे नातू नसतात, त्यामुळे एकच दुर्मिळ दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा योग त्याच्या वाट्याला कमी येतो. घरात कुत्रा हवा आणि चाचणीचा अहवाल मिळत नाही, अशा कुटुंबाने त्याचा विचार करायला काहीच हरकत नाही.

राहिला प्रश्न सोयीचा, म्हणजे हे सगळे करणार कोण? रायपूरहून फार दूर नसलेल्या दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मध्यकेंद्रकी विकाराची चाचणी त्यांच्या कोणाच्याही आवाक्याबाहेरची नाही, कारण इथे दोष एका अक्षराचा नसून घुसलेल्या तुकड्याचा आहे. जनुकाच्या त्या भागाच्या पीसीआरने प्रती काढायच्या आणि जेलवर धावू द्यायच्या. तुकडा नसलेली प्रत आखूड, म्हणून पुढे जाते. तुकडा असलेली लांब, म्हणून मागे राहते. निर्दोष कुत्र्याची एकच पट्टी पुढे दिसते, आजारी कुत्र्याची एकच मागे, आणि वाहकाच्या दोन्ही. पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकाला याहून बोलका प्रयोग मिळणे कठीण. शहरातल्या शंभर पैदाशी लॅब्राडॉरच्या गालाचे नमुने एका सत्रात तपासता येतील, आणि भारतातल्या एका शहरात हा दोष किती रुजला आहे याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या वहीत लिहिलेले असेल.